फायनान्सवाल्याकडून माहिती फुटली, आता आपण काय करायचं?

गंगाखेडला माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, पीएम किसानची ई-केवायसी, लेकरांच्या कॉलेजचे फॉर्म, असली सगळी कामं. मागच्या उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी एक मावशी मोबाइल घेऊन आल्या. मेसेज इंग्रजीत होता. पोराच्या मोटारसायकलीसाठी ज्या फायनान्स कंपनीकडून त्यांनी कर्ज काढलं होतं, तिनं कळवलं होतं की आमच्या यंत्रणेत बाहेरचं कुणीतरी शिरलं आणि काही ग्राहकांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे. कर्ज दोन वर्षांमागंच फिटलेलं. मावशी म्हणाल्या, "बाबा, हप्ते भरले, एनओसी आणली, आता अजून काय मागायलेत?"

मागत कुणीच नव्हतं. पण "तुमची माहिती गेली" म्हणजे नेमकं काय गेलं आणि आता काय करायचं, हे समजावून सांगायला मला पाऊण तास लागला. तसले मेसेज घेऊन पुढं आणखी लोक आले. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढलेलं बरं.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाका. गेलेली माहिती परत येत नाही. जन्मतारीख, पॅन, आधार, बापाचं नाव, यातलं काही बदलता येत नाही, आणि "आम्ही सगळा डेटा परत मिळवला" असं कंपनी म्हणाली तरी त्याच्या किती नकला निघाल्या हे तिलाही ठाऊक नसतं. म्हणून माहितीच्या मागं धावण्यात अर्थ नाही. ती माहिती घेऊन चोर ज्या दारांतून आत येतो ती दारं लावून घ्यायची. आपल्याकडं अशी दारं चार आहेत: अंगठा, मोबाइल नंबर, आपल्या नावावर निघणारं नवं कर्ज, आणि फोनवरचा गोड बोलणारा माणूस. शहरातल्या लोकांसाठी लिहिलेल्या सल्ल्यात पासवर्डवर पानं भरतात आणि अंगठ्याचं नावसुद्धा नसतं. आमच्या भागात अंगठा सगळ्यात आधी.

मेसेज खरा आहे का

माहिती फुटल्याची बातमी पसरली की त्याच नावानं खोटे मेसेजही सुटतात. "तुमची माहिती लीक झाली आहे, नुकसानभरपाईसाठी इथं क्लिक करा." त्यातल्या लिंकला हात लावू नका. कर्जाच्या करारावर, पासबुकावर किंवा कार्डाच्या मागं छापलेल्या नंबरावर स्वतः फोन करा, नाहीतर शाखेत जा. बँकेची वेबसाइट उघडायची असेल तर पत्त्याचा शेवट पाहा. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर या, असं रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना सांगितलं होतं. बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या कामाच्या फोनसाठी १६०० नं सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत. दहा आकडी साध्या मोबाइलवरून "मी हेड ऑफिसमधून बोलतोय" म्हणणाऱ्याला एवढ्यावरूनच ओळखता येतं.

मेसेज खरा निघाला तर कंपनीला एकच विचारा: माझं नेमकं काय काय गेलं? पुढचं सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं. नुसतं नाव, नंबर आणि पत्ता गेला असेल तर फोनवरच्या ठगांपासून जपायचं. आधार, पॅन, फोटो गेले असतील तर नवं कर्ज आणि सिमकार्डाकडं लक्ष ठेवायचं. खाते क्रमांक आणि दिलेले चेक त्यांच्याकडं असतील तर बँकेत जायचं. ॲपचा पासवर्ड किंवा कार्डाचा तपशील गेला असेल तर आजच्या आज बदलायचं. उत्तर मिळालंच नाही तर सगळंच गेलं असं धरून चला. कर्ज देताना त्यांनी काय काय घेतलं होतं ते आठवा. बहुतेकांना बचत गटाच्या कर्जाला नवऱ्याचंसुद्धा आधार दिल्याचं तेव्हा आठवतं.

पहिल्या संध्याकाळी: कोणता नंबर कुणाच्या खिशात

एक कोरा कागद घ्या. एका बाजूला लिहा: आधार, पॅन, प्रत्येक बँक खातं, ईमेल, गॅस, रेशन. समोर लिहा, त्याला कोणता मोबाइल नंबर जोडलेला आहे आणि तो आज कुणाच्या हातात आहे.

हा कागद भरताना घराघरात गंमत होते. बापाच्या आधारला पोराचा नंबर, पोरगं चाकणला कंपनीत. आईच्या खात्याला सुनेच्या भावाचा नंबर, कारण त्या दिवशी तोच बँकेत सोबत होता. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर दसऱ्यानंतर कारखान्यावर गेलं की तिथं जे सिम स्वस्त ते घ्यायचं, आणि गावाकडचं सिम ट्रंकेत. सलग नव्वद दिवस न वापरलेला नंबर कंपनी बंद करू शकते आणि पुढं तो दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे तुमच्या खात्याचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या मोबाइलवर जातो. फुटलेल्या माहितीपेक्षाही हे मला जास्त भीतीचं वाटतं.

तेव्हा पहिलं काम: आधार आणि बँक खातं, दोन्हीला ज्याचं त्याचं, चालू असलेलं सिम जोडा. आधारचा मोबाइल आधार केंद्रावर जाऊन बदलता येतो. कागदपत्र काही लागत नाही, माणूस स्वतः लागतो आणि थोडी फी. पोस्टाच्या बँकेचे पोस्टमनसुद्धा हे काम करतात, म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांना विचारा. बँकेत साधा अर्ज चालतो.

ईमेल असेल तर त्याचा पासवर्ड आधी बदला. कंपनीच्या ॲपचा नंतर. कारण ईमेल ज्याच्या हातात, तो बाकी सगळे पासवर्ड "विसरलो" म्हणून नव्यानं बनवू शकतो. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, व्हॉट्सॲपलासुद्धा. पोराचं नाव आणि जन्मसाल जोडून केलेला पासवर्ड आता कामाचा नाही. ती दोन्ही माहिती कर्जाच्या फॉर्मवर तुम्हीच लिहून दिलेली होती.

अंगठ्याला कुलूप

गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावून पैसे काढता येतात ते आधार आधारित पेमेंट व्यवस्थेमुळं. या व्यवहाराला तीन गोष्टी लागतात: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, एटीएम कार्ड लागत नाही. एका व्यवहारात दहा हजारांपर्यंत निघतात. पहिल्या दोन गोष्टी फायनान्स कंपनीच्या फायलीत असतात. तिसरीची नक्कल सिलिकॉनवर करून पैसे काढल्याचे गुन्हे देशात बऱ्याच ठिकाणी नोंदले गेले आहेत, आणि काही प्रकरणांत ते ठसे जमिनीच्या खरेदीखतांवरून उचललेले होते. ज्याच्या खात्यात श्रावणबाळचे किंवा पीएम किसानचे पैसे येतात आणि ज्याला मेसेज वाचता येत नाही, त्याला चोरी महिन्या-दोन महिन्यांनी कळते, पासबुक भरल्यावर.

यावर आधार प्राधिकरणानंच मोफत उपाय दिला आहे: बायोमेट्रिक लॉक. आधार प्राधिकरणाचं अधिकृत ॲप घ्या किंवा 'माय आधार' या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपीनं आत शिरा. तिथं 'लॉक बायोमेट्रिक्स' असा पर्याय आहे. विचारलं ते भरा, संमती द्या, झालं. पाच मिनिटांचं काम. लॉक झाल्यावर बोट, डोळे, चेहरा यांतलं काहीच चालत नाही. ओटीपीवर होणारी कामं मात्र चालू राहतात. स्मार्टफोन नसेल तर विश्वासातल्या केंद्रावर करून घ्या, पण ओटीपी स्वतःच्या हातातल्या मोबाइलवर येऊ द्या.

आता यातली अडचण, जी सांगायची राहून जाते. लॉक केलेला अंगठा रेशन दुकानाच्या मशीनवरही चालत नाही. हयातीचा दाखला, अंगठ्यानं होणारी ई-केवायसी, नवं सिम, सगळीकडं मशीन नकार देतं. मोटारसायकलवाल्या त्या मावशींचं तेच झालं. लॉक केल्यावर पंधरा दिवसांनी रेशनवाल्याकडून फोन, "मशीन अंगठा घेईना, आधार बंद पडलंय म्हणायलेत." बंद पडलेलं नव्हतं. थोड्या वेळापुरतं अनलॉक करायची सोय त्याच जागी आहे, वेळ संपली की ते आपोआप पुन्हा लॉक होतं. आता महिन्यातून एकदा, रेशनच्या रांगेत नंबर जवळ आला की त्यांचा नातू अनलॉक करून देतो.

घरात ॲप चालवणारं कुणीच नसेल तर काय? तर म्हाताऱ्या माणसाचा अंगठा लॉक करून त्याचं रेशन अडवण्यापेक्षा बँकेत अर्ज देऊन त्या खात्यावर अंगठ्यानं पैसे काढणं बंद करून घ्या. बऱ्याच बँका लेखी अर्जावर हे करून देतात. कोणी खळखळ केली तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मागा. पोच मागितली की काम हलतं, हा माझा अनुभव.

लॉक करण्याआधी तिथंच 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' उघडून पाहा. मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठं कुठं वापरलं गेलं, अंगठ्यानं की ओटीपीनं, तारीख-वेळेसकट दिसतं. रात्री दोन वाजताचा अंगठा दिसला तर सरळ १९४७ वर फोन लावा. तो आधारचा मदत क्रमांक आहे.

दुसऱ्या दिवशी बँकेत

सकाळी लवकर जा. दुपारी लिंक नसते, हे तुम्हाला माहीतच आहे.

एक, एसएमएस सूचना चालू आहे ना आणि ती बरोबर नंबरावर जाते ना, ते पाहून घ्या. दोन, एटीएम कार्डाची ऑनलाइन आणि परदेशी खरेदी बंद ठेवा, लागेल तेव्हा ॲपमधून चालू करता येते. यूपीआयची आणि कार्डाची रोजची मर्यादा कमी करा. दिवसाला पाच हजारांच्या वर खर्च नसणाऱ्या माणसाला लाखाची मर्यादा कशाला?

तीन, हप्ता आपोआप कापायची जी परवानगी कर्जाच्या वेळी दिली होती ती अजून जिवंत आहे का, हे विचारा. कर्ज फिटलं असेल तर ती लेखी रद्द करा. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' असं पान असतं, तेही उघडून पाहा. चार, कोरे चेक. आमच्याकडं कर्ज देताना सह्या केलेले दोन-चार चेक घ्यायची रीत आहे आणि कर्ज फिटल्यावर ते परत मागायची रीत नाही. ते क्रमांक चेकबुकाच्या नोंदीवरून काढा आणि 'स्टॉप पेमेंट' करा. कर्ज चालू असेल तर मात्र असं करू नका, हप्त्याचा चेक अडवला म्हणून तुमच्यावरच केस होईल.

आणि एक सोपा उपाय, जो मी सगळ्यांना सांगतो: सोयाबीनची पट्टी, कापसाचे पैसे, पीक विमा, असली मोठी रक्कम यूपीआय किंवा अंगठा जोडलेल्या खात्यात ठेवू नका. दुसरं साधं खातं काढा, त्याला कार्ड घेऊ नका, ॲपला जोडू नका. चार हजार खेळते राहू द्या, चाळीस हजार झोपू द्या.

आपल्या नावावर कुणी कर्ज काढलंय का

अमेरिकेत २०१७ साली इक्विफॅक्स या कर्ज-नोंदी ठेवणाऱ्या कंपनीतूनच सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती फुटली. तिथं पुढं कायद्यानं सोय झाली, की कुणीही आपली कर्ज-नोंद मोफत गोठवू शकतो आणि मग त्याच्या नावावर नवं कर्ज काढणं अवघड होतं. आपल्याकडं कायद्यानं दिलेली तशी मोफत सोय नाही. आपल्याला स्वतः पाहत राहावं लागतं.

पाहायचं कुठं? भारतात चार संस्था कर्जाच्या नोंदी ठेवतात: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. लोक सगळ्यालाच सिबिल म्हणतात, जसं सगळ्या वनस्पती तुपाला डालडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येक संस्थेनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा आहे. वेबसाइटवर पैसे भरायची योजना आधी दिसते आणि मोफत रिपोर्टाची लिंक कोपऱ्यात असते. शोधा, सापडते. व्हॉट्सॲपवर आलेल्या 'फ्री सिबिल चेक'च्या लिंकवर पॅन टाकू नका.

चारही रिपोर्ट एकाच दिवशी काढू नका. चोरलेल्या कागदांवर कर्ज लगेच निघतंच असं नाही. कागद विकले जातात, हात बदलतात, मग कुणीतरी वापरतो. कर्ज देणाऱ्यांना चारही संस्थांना माहिती द्यावीच लागते, म्हणून एक रिपोर्ट आज काढा, दुसरा तीन महिन्यांनी, मग तसाच तिसरा, मग चौथा. वर्षभर फुकटात पहारा होतो.

रिपोर्ट उघडला की आधी स्कोअरच्या आकड्याकडं बघू नका. सगळ्यांचा डोळा साडेसातशेच्या वर आहे का यावरच जातो. तीन ठिकाणं पाहा. पत्ता आणि मोबाइलच्या यादीत आपला नसलेला नंबर आहे का. 'एन्क्वायरी' या भागात, आपण ज्याच्याकडं गेलोच नाही अशा कर्ज देणाऱ्यानं आपली नोंद तपासली आहे का. आणि खात्यांच्या यादीत न काढलेलं कर्ज आहे का. एन्क्वायरी ही पायरी कर्जाच्या आधीची, म्हणून तिथं वेळेत पकडलं तर कर्ज निघायच्या आधीच अडवता येतं.

घाबरण्याआधी थोडं आठवा. जामीनदार म्हणून सही केली असेल तर ते कर्जही तुमच्या रिपोर्टात येतं. गटाचं कर्ज येतं, पीककर्ज येतं, सोनं ठेवून घेतलेलं कर्ज येतं. मोबाइल हप्त्यावर घेतला तेव्हा दुकानाच्या पाटीवर एक नाव होतं आणि कर्ज देणारी कंपनी दुसरीच होती, असंही असतं. दोन गिऱ्हाइकांची मी अशी 'खोटी कर्जं' पाहिली. एक साडूच्या ट्रॅक्टरची जामिनकी निघाली, दुसरं बायकोनं न सांगता घेतलेलं गटाचं कर्ज. तो दुसरा भाऊ रिपोर्ट घडी करून खिशात घालून मुकाट्यानं गेला.

खरंच न काढलेलं कर्ज निघालं तर: त्या कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवा, कर्जाचा अर्ज, सही, फोटो आणि रक्कम कोणत्या खात्यात गेली त्याचा तपशील मागा. त्याच दिवशी कर्ज-नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर 'डिस्प्यूट' म्हणजे हरकत टाका. ३० दिवसांत निकाल द्यायचा नियम आहे, त्यापुढं उशीर झाला तर दिवसाला १०० रुपयांप्रमाणं भरपाई तुम्हाला मिळायला हवी. पोलिसांतही तक्रार द्या. वसुलीवाला दारात येऊन "अर्धे तरी भरा, मिटवून टाकतो" म्हणाला तर एक रुपयाही भरू नका. भरलेला हप्ता म्हणजे कर्ज कबूल केल्यासारखंच दिसतं, आणि पुढं "माझं नाही" म्हणणं जड जातं.

सिम आणि पॅन

दूरसंचार विभागाचं 'संचार साथी' हे पोर्टल उघडा. मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. एका माणसाला नऊच्या वर सिम घेता येत नाहीत. आपला नसलेला नंबर दिसला की 'नॉट माय नंबर' दाबा. ज्यांनी मुकादमाकडं किंवा ठेकेदाराकडं आधारच्या झेरॉक्स दिल्या आहेत त्यांनी हे आजच करावं.

मोबाइलचं टॉवर अचानक गेलं आणि शेजाऱ्याचं, त्याच कंपनीचं, चालू आहे, असं झालं तर रिस्टार्ट करत बसू नका. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला विचारा की माझ्या नंबराचं नवं सिम कुणी काढलंय का. काढलं असेल तर बँकेला लगेच खातं थांबवायला सांगा.

पॅनसाठी दोन ठिकाणं. आयकराच्या वेबसाइटवर 'वार्षिक माहिती पत्रक' असतं, त्यात आपल्याला न मिळालेला पगार किंवा न केलेले व्यवहार दिसतात का ते पाहा. आणि जीएसटीच्या वेबसाइटवर पॅन टाकून शोधता येतं, त्या पॅनवर कुणी फर्म उघडली आहे का. मजुराच्या पॅनवर कोट्यवधींची उलाढाल दाखवणाऱ्या बोगस फर्मच्या बातम्या येतात, त्या अशाच कागदांवर उभ्या असतात.

फोन येईल, तेव्हा

तो कसा येतो ते मावशींच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो. "नमस्कार ताई, तुमच्या मोटारसायकलीचं कर्ज आमच्याकडं होतं ना? हप्ता अठ्ठावीसशे पन्नास. जामीनदार तुमचे दीर. ताई, तुमचे चार हजार सातशे जास्तीचे कापले गेलेत, ते परत करायचेत. एक मेसेज पाठवतो, तेवढा उघडा."

हप्त्याचा आकडा बरोबर. दिराचं नाव बरोबर. कोण संशय घेईल? माहिती फुटल्याचा खरा तोटा हाच. पूर्वीच्या ठगाला अंदाजानं बोलावं लागायचं, याच्यासमोर तुमची फाइल उघडी असते. म्हणून घरातल्यांना एवढंच पक्कं सांगा: आपली माहिती सांगितली म्हणजे माणूस कंपनीचा, असं आता उरलेलं नाही.

मावशींना मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळं त्या म्हणाल्या, "शाखेत येऊन घेते." फोन कट. हे वाक्य पाठ करा, भांडायची गरज पडत नाही. पैसे परत यायला तुमचा पिन, ओटीपी, क्यूआर कोड यांतलं काहीही लागत नाही. यूपीआयचा पिन टाकायचा म्हणजे पैसे जाणार, येणार कधीच नाहीत. व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' फाइल, मग ती लग्नपत्रिका असो, वाहनाचं चलन असो की पीएम किसानची यादी, उघडायची नाही. पत्रिका फोटोत किंवा पीडीएफमध्ये येते. एपीके म्हणजे ॲप, आणि ते तुमचे ओटीपी वाचतं. आणि व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यांतला माणूस "डिजिटल अरेस्ट" म्हणाला तर हसून ठेवून द्या, असली अटक कोणत्याच कायद्यात नाही.

पैसे गेलेच तर

रडारड नंतर. आधी १९३०. तो सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, जितक्या लवकर कळवाल तितके वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. फोन लागत नसेल तर वाट बघू नका, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. हाताशी ठेवा: खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

लगेच बँकेलाही कळवा, फोननं आणि मग लेखी. इथं तारखेला फार महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणं, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणची आहे, आणि तुम्ही बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंतचं नुकसान तुमच्या अंगावर, साध्या बचत खात्याला बहुधा दहा हजार. त्यापुढं बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे, तुमची नाही. अंगठ्याची नक्कल करून काढलेले पैसे याच नियमावर बोट ठेवून मागा. तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेलं बँकेचं. म्हणून लाज वाटली तरी कळवा.

पोलीस ठाण्यात "हे आमच्या हद्दीतलं नाही" असं ऐकायला मिळालं तर 'झिरो एफआयआर' हा शब्द वापरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास मात्र निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करतो, त्यामुळं चौकीवरून मोठ्या ठाण्यात पाठवलं तर ती टाळाटाळच असते असं नाही.

बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. तक्रार मोफत, ऑनलाइन, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८. पतसंस्था आणि मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणारी सहकारी संस्था) यांच्या खातेदारांनी इथं एक लक्षात घ्यावं: तुमची संस्था नावात 'बँक'सारखी वाटत असली तरी ती या लोकपालाच्या कक्षेत नाही. पतसंस्थेची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं, मल्टिस्टेटची दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडं. आपल्या भागात याचा अनुभव घेतलेल्या ठेवीदारांना मी वेगळं काय सांगू.

कंपनीला पत्र

फोनवरचं बोलणं हवेत जातं. एक पानाचं पत्र द्या, शाखेत पोच घ्या किंवा स्पीड पोस्टानं पाठवा. मजकूर साधा:

"आपल्याकडील माहिती बाहेर गेल्याचा संदेश मला मिळाला आहे. माझी कोणती माहिती, कोणत्या तारखेला उघड झाली, ते लेखी कळवावे. माझे कर्ज फिटले असल्याने कायद्याने ठेवणे आवश्यक नसलेली माझी माहिती काढून टाकावी. माझे सही केलेले चेक परत करावेत. यापुढे माझ्या नावावर कोणताही नवा कर्जअर्ज आल्यास मला समक्ष भेटल्याशिवाय मंजूर करू नये."

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, सुरक्षा न राखणाऱ्या कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायच्या आहेत. आणि दंड सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या खिशात नाही. मग पत्र कशाला? उद्या कर्ज निघालं किंवा पैसे गेले, तर "माहिती तुमच्याकडून गेली होती आणि मी अमुक तारखेला कळवलं होतं" हे दाखवायला हाच कागद उपयोगी पडतो.

इथून पुढं झेरॉक्स देताना

आधारची पूर्ण नक्कल देण्याऐवजी 'मास्क्ड आधार' डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. जिथं झेरॉक्सच द्यावी लागते तिथं अक्षरांवरून तिरकी रेघ जाईल असं लिहा: "फक्त अमुक कंपनीच्या दुचाकी कर्जासाठी", तारीख आणि सही. फोटोवर लिहिलं तर परत करतात, मजकुरावर लिहा. माझ्या दुकानातसुद्धा काउंटरखाली बिघडलेल्या झेरॉक्सचा ढीग साचायचा, कुणाचं आधार, कुणाचं पासबुक, आणि पोरं त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब करायची. मावशींचा तो मेसेज वाचला त्या संध्याकाळी तो ढीग मी मागच्या अंगणात जाळला. तुमच्या गावातल्या झेरॉक्सवाल्याला विचारून बघा, तो काय करतो.